सरकारजमा दात

'दातांवर काहीतरी हलकंफुलकं लिहा' असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मला हसूच आलं. माझ्या खुर्चीत हलकंफुलकं होऊन बसलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. लोक देवाचं नाव घेत बसतात, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडत. तरी लिहितो. कारण हल्ली भाषणांतून ऐकतो की सरकारने आणि खासगी लोकांनी आरोग्याच्या कामात हातात हात घालून चालावं. आम्ही तेच केलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. हातात हात तर नव्हताच, उलट एकमेकांचे हात धरून ओढाताण चालायची. पण काम व्हायचं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातला एक तालुका होता. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात दातांचा सरकारी डॉक्टर एकही नव्हता. खासगी म्हणाल तर मी होतो, आणि बाजारात सतरंजी टाकून जंबुराने, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीने, दात उपटणारे दोन-तीन जण होते. ते माझ्यापेक्षा स्वस्त होते आणि त्यांचा आवाजही मोठा होता.

एक दिवस सिव्हिल सर्जन साहेब स्वतःची दाढ घेऊन माझ्याकडे आले. दाढ निघाली, साहेब सुखावले, आणि त्या सुखाच्या भरात त्यांनी व्यवस्था ठरवली. जंगलाकडच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी मी जायचं. खोली, बधिर करायचं इंजेक्शन आणि कंपाउंडर सरकारचा. हत्यारं आणि हात माझे. ब्रह्मपुरीपर्यंत छोटी रेल्वे होतीच, पुढे वैनगंगेपलीकडे लाकडाचे ठेकेदार कासमशेठ यांच्या ट्रकमध्ये माझी जागा. शेठचे मजूर दात दुखला की दोन-दोन दिवस डोकं धरून बसत, म्हणून त्यांनाही माझी गरज होती. अशी तिघांची गरज एका जागी आली आणि गाडं चालू लागलं.

दवाखान्याच्या गावाचं नाव सांगत नाही. ज्या म्हातारीबद्दल पुढे लिहिणार आहे तिची नातवंडं अजून तिथे राहतात आणि दातांसाठी माझ्याच मुलाकडे येतात.

तिथले दात कसे असत ते सांगतो. त्या भागात बायका-पुरुष सकाळ-संध्याकाळ गुडाखू लावत. गुळात कालवलेली तंबाखू ती. बोटाने हिरड्यांवर घासायची, तोंड बधिर होतं आणि जीवाला बरं वाटतं. दात काळे होतात, हिरड्या सुटतात, आणि एक दिवस चांगला धडधाकट दात पाळण्यासारखा हलायला लागतो. मग त्यावर बिब्ब्याचा चटका देतात आणि गालही भाजून घेतात. असा माणूस माझ्यापर्यंत पोचला की दात वाचवायची वेळ गेलेली असे. मी इंजेक्शन द्यायचो, दात काढायचो, पुढचा.

काढलेल्या दाताचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. आला कंपाउंडर वासुदेवरावांच्या. हा माणूस सरकारी नोकरीवर देवासारखी श्रद्धा ठेवणारा. काम झाल्याचा पुरावा असावा म्हणून ते प्रत्येक दात धुऊन स्पिरिटच्या मोठ्या काचेच्या बरणीत टाकत. बरणी कपाटावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. कुणी आपला दात मागितला तर वासुदेवराव गंभीरपणे सांगत, "आता तो सरकारजमा झाला."

हे ऐकून मी हसत असे. ते हसणं पुढे फार महागात पडलं.

दिवाळी झाल्यावर सोमाजी आला. पंचक्रोशीतला सनईवाला. उंच, हाडकुळा, आणि डावा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला. अंगात ताप. वरचे सगळे दात हिरड्यांतून सुटलेले, मुळाशी पू. खालचे मात्र शाबूत. मी म्हटलं, वरचे सगळे काढावे लागतील. ही सूज डोळ्यामागे चढली तर जिवावर बेतेल.

सोमाजी खुर्चीतून उठूनच बसला. "सायेब, काढाल तं बसवून द्याचे का?"

इतके महिने मी त्या खोलीत दात काढत होतो आणि हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. दुखणं गेलं की लोक पाया पडून जात. भात मऊ शिजवून खात असतील, जवसाची चटणी सोडून देत असतील. ते मी बघायला कधी गेलो नव्हतो.

"सनई व्होटानं धरतेत," सोमाजी सांगू लागला, "पन व्होटाले मागून दाताचा टेकू लागते. दात नाई तं व्होट आत जाते, फुंक फुसकन बाहेर. माही गावं बांधली हायेत सायेब. यंदाच्या लग्नात मी नाई गेलो तं गावं दुसऱ्याच्या घरी जातेत. एकडाव गेली का गेली."

ही तिथली रीत होती. प्रत्येक वाजंत्र्याची गावं ठरलेली. त्या गावांतली लग्नं त्याचीच, बापाकडून मुलाकडे आलेली. पण एक हंगाम चुकला की हक्क सुटला. सोमाजीला ताप आणि सनई यांतलं एक निवडायचं होतं, आणि तो सनई निवडून घरी निघाला होता.

"बसवून देतो," मी म्हटलं. "बस खाली."

वासुदेवरावांनी मला बाजूला ओढलं. "डाक्टरसायेब, आपल्याइथं काढाचं हाय, लावाचं नाई. तुमी काऊन कबूल करून राह्यले?"

"केलं कबूल. इंजेक्शन भरा."

त्या दिवशी फक्त पू काढून दिला; सूज उतरल्यावर पुढच्या दोन खेपांत वरचे सगळे दात निघाले. मग मी चांद्याला साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. माझा स्वभाव तापट. सरकारी खुर्चीसमोर तो आणखी तापतो.

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "सरकार रोग काढतं. कवळी म्हणजे शोभेची वस्तू."

"साहेब, आपण पाय कापला तर माणसाला कुबडी देतो ना?"

"कुबडी सुतार देतो."

"मग मी सुतार समजा. पण ते काम मला दवाखान्यातच करू द्या. त्या माणसाला चांद्याला चकरा मारायला लावून कवळी व्हायची नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं तर आधी जमीन चाचपून बघायची, एवढंच. त्यांनी पेन ठेवलं. "एक करून दाखवा. वैशाखात मी तपासणीला येणार आहे. तोवर तो त्या कवळीवर आपला धंदा करू लागला, तर कवळ्या व्यवस्थेत घालण्यासाठी मी वर लिहीन. नाहीतर यापुढे फक्त काढायचं, आणि हा विषय पुन्हा माझ्यासमोर नको."

मी निघालो ते दातओठ खात. सरकार जमीन देतं पण वितीएवढी. ठीक आहे, म्हटलं, वितीवर उभं राहून दाखवू.

कवळी कशी होते ते थोडक्यात सांगतो. लाखेसारखी एक चकती गरम पाण्यात मऊ करून टाळूवर दाबायची. तिच्यावर तोंडाचा ठसा उमटतो. ठशात प्लास्टर ओतून टाळूची प्रतिमा करायची, तिच्यावर मेणात दात मांडायचे. दात मुंबईच्या कारखान्यातून पार्सलने येत, पट्टीवर ओळीने चिकटवलेले. मग मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरायचा आणि पितळी साच्यात आवळून पाण्यात उकळायचं. मसाला दगडासारखा घट्ट होतो.

उकळायला दवाखान्यात भांडं एकच, इंजेक्शनच्या सुया उकळायचं. वासुदेवराव त्याच्यासमोर आडवे उभे राहिले. "यात सुया उकळते सायेब. यात मानसाचे दात शिजवाचे?"

"माणसाचे नाहीत, कारखान्याचे आहेत. आणि सुयांपेक्षा स्वच्छ आहेत."

जळण कासमशेठनी पाठवलं. "दांत पकाने को लकडी? ले जाव डाक्टरसाब," ते म्हणाले, "जंगल में और है क्या!" तर अशी ती कवळी झाली, सरकारच्या भांड्यात, ठेकेदाराच्या लाकडावर आणि माझ्या मसाल्याची. तिघांनाही ती आपली वाटत होती.

माघात मी ती सोमाजीच्या तोंडात बसवली. आरसा दाखवला. सोमाजीने फुटाणे चावून दाखवले, हसून दाखवलं. मला अभिमान वाटला. मग त्याने पिशवीतून सनई काढली, तिच्या तोंडाची पत्ती ओली केली, गाल फुगवले आणि फुंक मारली. कवळी खाली सुटली आणि पत्तीवर आपटली. सनईतून बकरीसारखा आवाज आला. त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच.

सोमाजीने कवळी काढून हातात धरली. "सायेब, जेवनाऱ्याचे दात झाले हे. वाजवनाऱ्याचे नाई झाले."

मला राग आला, आणि तो माझ्यावरच होता. दोन काचा पाणी लावून एकमेकींवर ठेवल्या की सुटत नाहीत, वरची कवळी तशीच टाळूला धरून राहते. पण मागच्या कडेने वारा शिरला की खेळ संपला. मी ठसा घेतला होता शांत बसलेल्या तोंडाचा. सोमाजी शांत बसून पोट भरत नव्हता.

पुढच्या बाजाराला मी त्याला खुर्चीत बसवलं, कवळीच्या कडांना आणि मागच्या काठाला मऊ मेण लावलं, कवळी बोटाने टाळूवर नीट दाबली आणि म्हटलं, "आता वाजव."

"इथी? दवाखान्यात?"

"इथंच. लग्नात वाजवतोस तसं."

त्याने वाजवलं. दोन सुरांत कवळी निसटायची, मेण पुन्हा मऊ करायचं, पुन्हा वाजव. त्याचा घसा फुगत होता, टाळूचा मागचा मऊ भाग खाली-वर होत होता, आणि तो हलणारा काठ मेणात उमटत होता. मला तोच हवा होता. दारात गर्दी जमली. एकाने वासुदेवरावांना विचारलं, "कोनाचं लगन लागून राह्यलं गा आत?" वासुदेवराव म्हणाले, "सरकारचं." त्यांनी केलेला विनोद मी तेवढा एकच ऐकला.

दुसरी कवळी शिजली. पुढचे दात मी थोडे ओठाकडे सरकवले, आतून घासून पातळ केले. सोमाजीने फुंक मारली आणि कवळी जागची हलली नाही. सूर थोडा कापरा होता. तो म्हणाला, सूर मी बघतो सायेब, तुमचं काम झालं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

काम झालं नव्हतं. वैशाखात साहेब तपासणीला आले तो बाजाराचाच दिवस होता आणि गावात लग्न होतं. सोमाजीचं हंगामातलं पहिलं. संध्याकाळी साहेबांना मांडवात नेऊन ऐकवायचं असा माझा बेत. उन्हं उतरली, दवाखान्यातली गर्दी ओसरली, आणि सोमाजी धावत आला. तोंड पोपटासारखं आत गेलेलं. धोतराच्या सोग्यात कवळी.

"सायेब, खरं सांगा. हे दात कोनाचे होये?"

मांडवात ठमाबाई नावाची गावातली म्हातारी आली होती. तिचे दात मीच काढलेले. सोमाजी हसला तेव्हा ती त्याच्या तोंडाजवळ जाऊन बघत राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, हा सुळ्याबाजूचा दात माझा आहे. कपाटावरची बरणी सगळ्या गावाने पाहिलेली. आमचे दात सरकारजमा करतात ते कशाला, याचं उत्तर गावाला एकदम मिळालं. बरणीत मेलेल्यांचेही दात असणार. नवरीच्या बापाने हात जोडून सोमाजीला सांगितलं, उष्ट्या तोंडाची सनई माझ्या लेकीच्या लग्नात नको. शेजारच्या गावच्या वाजंत्र्याकडे माणूस धाडायचं बोलणं सुरू झालं होतं.

साहेब खुर्चीत बसून हे ऐकत होते. ते चष्मा पुसत राहिले. माझं डोकं भणाणलं. बरणी उचलून मी थेट मांडवाकडे निघालो, तर वासुदेवरावांनी मला दोन्ही हातांनी धरलं. "सायेब, लगनात हे नेता? मार खाऊन याल!"

ते खरं होतं. मग मी रिकाम्या हाताने गेलो. ठमाबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. "बाई, तुमचा दात होता तो कसा होता?"

"काळा व्हता. गुडाखूनं."

"सोमाजीचे तर पांढरे आहेत."

"सरकारनं घासले असन!"

भोवतीची माणसं माना हलवू लागली. मी आवाज शक्य तितका खाली ठेवला. "बाई, माझ्यासोबत चला. बरणीत तुमचा दात सापडला नाही तर मी सोमाजीची कवळी तुमच्या हातात देतो आणि या गावात पुन्हा पाऊल टाकत नाही. पण सापडला तर?"

"सापडला तं मी खोटी," ठमाबाई उठली. "चाल."

तिच्यामागे निम्मा मांडव आला. वासुदेवरावांनी बरणी ट्रेमध्ये ओतली. ठमाबाई वाकून एकेक दात उचलू लागली. बरणीत कुणाचा दात कुठला हे देवालाही सांगता आलं नसतं, आणि वासुदेवरावांच्या हातून एखादा इकडेतिकडे गेला असेल तर माझी, सोमाजीची आणि व्यवस्थेची सगळ्यांचीच वाट लागणार होती. सोमाजी भिंतीला टेकून कवळी सोग्यात आवळून उभा होता.

"हा नोहोय... हाही नोहोय... हा कोनाचा व माय, बैलाचा का?" ठमाबाई पुटपुटत होती. लोक हसायलाही तयार नव्हते. मग तिचा हात थांबला. तिने एक दात कंदिलाजवळ धरला, नखाने त्याच्या बाजूचा खड्डा चाचपला. "हा पाह्य. याच्यातच मी लवंग भरो. ठनकला का लवंग, ठनकला का लवंग." तिने तो दात दुसऱ्या तळहातावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली. "हाच होये," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. का, ते मला कळलं नाही. जुनं माणूस भेटावं तसं तिला झालं असावं.

मी वासुदेवरावांकडे पाहिलं. सरकारजमा मालाचा प्रश्न होता. वासुदेवराव साहेबांकडे बघत होते. साहेबांनी मान हलवली. ठमाबाईने दात पदराच्या गाठीत बांधला, मग इतरांनीही ट्रेमध्ये हात घातले. आपापला म्हणून त्यांनी काय उचललं ते त्यांचं त्यांना ठाऊक. ट्रे पुष्कळसा रिकामा झाला.

पण सोमाजी अजून भिंतीशीच होता. मी त्याला चल म्हटलं तर त्याने मान हलवली. माझं बोलणं म्हणजे सरकारचंच बोलणं. मांडव त्यावर विश्वास ठेवणार नव्हता, आणि तो जबरदस्तीने वाजवणार नव्हता.

ठमाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "घाल तोंडात," ती म्हणाली. "माहा दात माह्यापाशी हाय. चाल, मी येतो तुह्यासंगं."

ती पुढे आणि तो मागे असे ते मांडवात गेले. नवरीच्या बापासमोर पदराची गाठ दाखवून ती एवढंच म्हणाली, "चुकली माही नजर. वाजवू दे गा त्याले." आणि तिथेच, सगळ्यांच्या पुढे, मांडी घालून बसली. बापाने एकदा तिच्याकडे, एकदा सोमाजीकडे पाहिलं आणि अक्षतांचं ताट उचललं.

सोमाजीने पत्ती ओली केली. मी त्याच्या वरच्या ओठाकडे बघत होतो, दुसरं काही मला दिसत नव्हतं. गाल फुगले, घसा भरला, आणि सनई निघाली. लांब, सरळ, न तुटता. दवाखान्यात होता तो कापरेपणा सुरात शोधूनही सापडेना. त्याने मधे श्वास कुठे घेतला ते मला कळलं नाही. कवळी हलली नाही. मी तोंड फिरवलं.

साहेबही मागोमाग येऊन शेजारी उभे होते, मुठीत अक्षता तशाच. आजूबाजूला बसलेल्यांची तोंडं ते एकेक करून बघत होते. सनई ऐकताना माणसं तोंड उघडून हसत होती, आणि पुष्कळ तोंडांत हिरड्यांशिवाय काही नव्हतं.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "अशा कवळ्या आणखी किती जणांना लागतील?"

मी म्हटलं, "साहेब, आपण जेवढ्यांचे काढले, तेवढ्यांना."